ताऱ्यांकडे जाणाऱ्या निर्मनुष्य यानाची आखणी

सूर्यानंतर आपल्याला सर्वांत जवळ असलेला तारा म्हणजे नरतुरंग तारकासमूहातील प्रॉक्सिमा सेंटॉरी. त्याचे अंतर ४.२४ प्रकाशवर्षे, म्हणजे सुमारे ४० लाख कोटी किलोमीटर आहे. या आकड्याचा अंदाज यायचा असेल, तर व्हॉयेजर-१ या यानाची वाटचाल पाहावी. सप्टेंबर १९७७ मध्ये निघालेले हे यान २५ ऑगस्ट २०१२ रोजी सौरवाऱ्याच्या, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या, प्रभावक्षेत्राबाहेर पडले आणि ताऱ्यांमधल्या अवकाशात पोहोचलेली पहिली मानवनिर्मित वस्तू ठरले. आजही ते सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर जात आहे. त्याची दिशा प्रॉक्सिमाची नाही. पण ती तशी असती, तरी याच वेगाने तिथवर जायला त्याला सुमारे ७५ हजार वर्षे लागली असती.

एवढी वाट पाहणारी मोहीम कोणी हाती घेणार नाही. यान बांधणाऱ्यांपैकी काही जणांना तरी निकाल पाहता यावा, असे धरले तर प्रवास ४०-५० वर्षांत संपला पाहिजे आणि त्यासाठी प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे १० टक्के, म्हणजे सेकंदाला ३०,००० किलोमीटर वेग हवा. आजवर सर्वाधिक वेग गाठलेल्या पार्कर सौरयानाने डिसेंबर २०२४ मध्ये सूर्याजवळून जाताना सेकंदाला सुमारे १९२ किलोमीटर वेग नोंदवला आणि तोही बहुतांशी सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने मिळालेला होता. हवा असलेला वेग त्याच्या दीडशे पटींहून अधिक आहे.

या विषयावरची चर्चा बहुधा इंजिनापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. माझ्या मते हे अर्धेच चित्र आहे. ज्या यानात माणूस नाही त्याला हवा, पाणी, अन्न किंवा परतीचा मार्ग यांपैकी काहीच लागत नाही. त्याचे काम एकच, ते म्हणजे तिथे जे दिसले ते इथे कळवणे. ते कळवता आले नाही, तर वेग कितीही गाठला तरी तो वाया गेला. म्हणून अशा यानाचे गणित उड्डाणापासून पुढे मांडण्यापेक्षा पृथ्वीवर पोहोचणाऱ्या शेवटच्या संदेशापासून मागे मांडत यावे लागते. मात्र त्यासाठी आधी वेगाची किंमत समजून घेतली पाहिजे.

वेगाची किंमत

एक किलोग्रॅम वस्तुमानाला प्रकाशवेगाच्या १० टक्के वेग द्यायचा, तर कोणतीही गळती न धरता सुमारे साडेबारा कोटी युनिट वीज लागेल इतकी ऊर्जा त्यात ओतावी लागते. व्हॉयेजरसारख्या साधारण ८०० किलोग्रॅमच्या यानासाठी हाच हिशेब १०,००० कोटी युनिटांवर जातो; एक गिगावॉट क्षमतेची अणुभट्टी साडेअकरा वर्षे अखंड चालली तर इतकी वीज मिळेल. ही रक्कम भौतिकीच्या नियमांनी ठरवलेली आहे, कोणत्याही कल्पक इंजिनाने ती कमी होत नाही. इंजिनाच्या निवडीने फक्त त्यावरची नासाडी कमी-जास्त होते.

रॉकेटची ही नासाडी भयंकर असते. कॉन्स्टंटिन त्सिओलकोव्स्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेले समीकरण सांगते की, रॉकेटचा अंतिम वेग दोन गोष्टींवर ठरतो: मागे फेकल्या जाणाऱ्या वायूचा वेग, आणि सुरुवातीचे वस्तुमान भागिले उरलेले वस्तुमान. गोम अशी की, यानाचा वेग वायूच्या वेगाइतक्या एका टप्प्याने वाढवायचा असेल, तर प्रत्येक टप्प्यागणिक सुरुवातीचे वस्तुमान २.७२ पटींनी वाढते, कारण नंतर जाळायचे इंधनही आधी ढकलत न्यावे लागते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळणाऱ्या उत्तम इंजिनातून वायू सेकंदाला सुमारे साडेचार किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. ३०,००० किलोमीटरचा वेग गाठायला असे सुमारे ६,६६७ टप्पे लागतात आणि मग इंधनाचे यानाशी असलेले गुणोत्तर जवळजवळ २,९०० अंकी संख्या होते. दृश्य विश्वातील सर्व अणूंची अंदाजे संख्या ८० अंकांच्या आसपास आहे, तेव्हा रासायनिक इंधनाचा विचार इथेच थांबतो. विद्युतभारित अणू विजेच्या बळावर मागे फेकणाऱ्या आयन इंजिनानेही सुटका होत नाही. २००७ मध्ये निघालेल्या डॉन यानाच्या आयन इंजिनाचा उत्सर्जन वेग सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर होता. सूर्यमालेत हिंडण्यासाठी तो उत्कृष्ट ठरला, पण ताऱ्यापर्यंतच्या गणितात गुणोत्तर चारशेहून अधिक अंकी राहते.

याचा अर्थ इतकाच की, रॉकेटच वापरायचे असेल तर उत्सर्जन वेगही सेकंदाला काही हजार किलोमीटर हवा आणि तेवढी ऊर्जा अणुकेंद्रातूनच मिळू शकते. १९५८ ते १९६५ या काळात अमेरिकेत ‘ओरायन’ प्रकल्पाखाली यानाच्या मागे छोटे अणुबॉम्ब फोडून त्याला ढकलण्याचा अभ्यास झाला. भौतिकशास्त्रज्ञ टेड टेलर आणि फ्रीमन डायसन हे त्यातले प्रमुख. १९६३ च्या अणुचाचणीबंदी कराराने अवकाशातील अणुस्फोटांना मनाई केली आणि त्या मार्गाला फारसे भवितव्य उरले नाही.

ताऱ्याकडे जाणाऱ्या निर्मनुष्य यानाचा पहिला खरा तपशीलवार आराखडा मात्र ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या ‘डेडलस’ प्रकल्पाने १९७३ ते १९७८ या काळात तयार केला. ॲलन बाँड यांच्या नेतृत्वाखाली स्वेच्छेने काम करणाऱ्या अभियंत्यांनी भुजंगधारी तारकासमूहातील ५.९ प्रकाशवर्षे दूरच्या बार्नार्डच्या ताऱ्याचे लक्ष्य घेतले. ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) आणि हेलियम-३ (हलका हेलियम) यांच्या बारीक गोळ्यांवर इलेक्ट्रॉनांचे झोत सोडून दर सेकंदाला २५० संलयन-स्फोट, म्हणजे हलकी अणुकेंद्रे एकत्र जुळवून होणारे स्फोट, घडवायचे, दोन टप्पे मिळून पावणेचार वर्षांच्या आसपास हे चालू ठेवायचे आणि प्रकाशवेगाच्या १२ टक्क्यांपर्यंत पोहोचून पन्नासेक वर्षांत ताऱ्याजवळून निघून जायचे, अशी ती योजना होती. सुरुवातीचे वस्तुमान ५४,००० टन, त्यात इंधनच ५०,००० टन. हेलियम-३ पृथ्वीवर अत्यल्प असल्याने ते गुरूच्या वातावरणातून गोळा करावे लागणार होते, म्हणजे यान बांधण्याआधी गुरूवर कारखाना उभारणे आले.

या आराखड्याकडे स्वप्नरंजन म्हणून पाहू नये. प्रत्येक भागाचा हिशेब त्यात प्रामाणिकपणे मांडलेला आहे आणि त्यामुळेच अडचण किती मोठी आहे ते दिसते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत लेसरच्या २.०५ मेगाज्यूल ऊर्जेतून संलयनाची ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली, तेव्हा तो ऐतिहासिक क्षण मानला गेला आणि तो मान रास्तच होता. पण ते एका गोळीचे यश होते आणि त्या लेसरांनी विजेच्या जाळ्यातून सुमारे ३०० मेगाज्यूल घेतले होते. डेडलसला अशा सुमारे ३,००० कोटी गोळ्या एकही दिवस न चुकता पेटवाव्या लागल्या असत्या. शिवाय एवढे करूनही यान ताऱ्यापाशी थांबणार नव्हतेच.

इंजिन घरीच ठेवले तर

इंधनाचे ओझे इंधनामुळेच वाढत असेल, तर इंधन यानावर ठेवूच नये, हा विचार ओघानेच येतो. प्रकाशाला वस्तुमान नसते, पण संवेग असतो. आरशावर आपटून परतताना तो आरशाला किंचित ढकलतो. जपानच्या इकारोस यानाने २०१० मध्ये १४ मीटर बाजू असलेल्या, केवळ साडेसात मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीच्या शिडावर सूर्यप्रकाश झेलून ग्रहांमधल्या अवकाशात हे प्रत्यक्ष दाखवले. सूर्यप्रकाश मात्र दूर जाताना विरत जातो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट फॉरवर्ड यांनी त्याऐवजी लेसरचा झोत वापरून ताऱ्यांपर्यंत जाण्याची कल्पना बारकाईने मांडली. पुढे एप्रिल २०१६ मध्ये गुंतवणूकदार युरी मिल्नर आणि भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी जाहीर केलेल्या ‘ब्रेकथ्रू स्टारशॉट’ने तिला नवे रूप दिले: पृथ्वीवर १०० गिगावॉटचा लेसरसंच, अवकाशात सुमारे चार मीटरचे शीड, त्याला जोडलेली काही ग्रॅम वजनाची चकती आणि प्रकाशवेगाच्या २० टक्के वेग.

ग्रॅमचाच आग्रह का, हे एका गणितात समजते. १०० गिगावॉटचा झोत पूर्णपणे परावर्तित झाला, तरी शिडावरचा जोर फक्त सुमारे ६६७ न्यूटन भरतो, म्हणजे एका प्रौढ माणसाच्या वजनाएवढा. शंभर मोठ्या अणुभट्ट्यांची वीज एकवटून मिळतो तो एवढाच धक्का. तो एक टन यानाला दिला तर फारसे काही घडणार नाही. चार ग्रॅमला दिला तर गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे १७ हजार पट त्वरण मिळते आणि सहा मिनिटांत सेकंदाला ६०,००० किलोमीटरचा वेग गाठला जातो. या सहा मिनिटांतच यान एक कोटी किलोमीटरहून पुढे, चंद्राच्या अंतराच्या पंचवीसपटींपलीकडे गेलेले असते. तिथवर झोत चार मीटरच्या ठिपक्यात धरून ठेवायचा, तर लेसरांची मांडणी काही किलोमीटर रुंदीवर पसरलेली आणि त्यातल्या प्रत्येक लेसरची लहर शेजाऱ्याशी तंतोतंत जुळलेली हवी, तीही वातावरणाच्या थरथरीवर मात करून.

शिडाची परीक्षा याहून कडक आहे. त्या सहा मिनिटांत त्यावर पृथ्वीजवळच्या सूर्यप्रकाशाच्या सुमारे ४५ लाख पट तीव्रतेचा प्रकाश पडत असतो. शिडाने त्यातला एक लाखावा भागच शोषला असे मानले, तरी दर चौरस मीटरला शोषलेली उष्णता भर सूर्यप्रकाशाच्या सुमारे ४५ पट होते. एक ग्रॅममध्ये १६ चौरस मीटर बसवायचे म्हणजे जाडी शंभरेक अणूंची. इतके पातळ पटल शोषू नये, फाटू नये, सुरकुतू नये आणि झोताच्या मध्यापासून जराही घसरले तर आपल्या आकारामुळेच परत मध्याकडे यावे, या सगळ्या अटी एकाच वेळी पाळणारा पदार्थ सिद्ध झालेला नाही. सिलिकॉन नायट्राइडसारख्या पदार्थांची पटले यासाठी अभ्यासली जात आहेत. डेडलसच्या तुलनेत ही अडचण मला अधिक सुसह्य वाटते, कारण ती प्रयोगशाळेतल्या टेबलावर मांडून तपासता येते; गुरूवर कारखाना उभारावा लागत नाही.

या मार्गाचा आणखी एक फायदा आहे, ज्याची चर्चा कमी होते. सर्वांत मोठा खर्च लेसरसंचाचा असतो आणि तो एकदाच करावा लागतो. त्यानंतर एकाऐवजी हजार चकत्या पाठवता येतात. निम्म्या वाटेत नष्ट झाल्या, काही भरकटल्या तरी मोहीम बुडत नाही. यान जपण्यापेक्षा यानांची संख्या वाढवणे ही अभियांत्रिकीची अगदी वेगळी रीत आहे.

रिकामे नसलेले अवकाश

ताऱ्यांमधल्या अवकाशात दर घनसेंटीमीटरमागे सरासरी एखादा अणू असतो, आपल्या जवळपासच्या भागात त्याहूनही कमी. प्रकाशवेगाच्या २० टक्के वेगाने जाणाऱ्या यानाच्या दृष्टीने मात्र समोरचा प्रत्येक हायड्रोजन अणू सुमारे १.९ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन बनून येतो, जणू कोणी कणत्वरकाचे तोंडच त्याच्याकडे वळवून ठेवले आहे. असा प्रोटॉन ॲल्युमिनियममध्ये दोन मिलिमीटरच्या आसपास शिरतो. धुळीचे कण त्याहून विरळ आणि अधिक घातक असतात. त्यांतले बहुसंख्य मायक्रॉनपेक्षा लहान असून त्यांच्या माऱ्याने पृष्ठभाग हळूहळू खरवडला जाईल. पण वाटेत एक मायक्रोग्रॅमचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा कण आडवा आला, तर टकरीत सुमारे साडेचारशे ग्रॅम टीएनटीइतकी ऊर्जा सुटेल.

उपाय दोन आहेत. एक म्हणजे ढाल. डेडलसच्या पुढच्या टोकाला सात मिलिमीटर जाडीची बेरिलियमची तबकडी होती आणि ताऱ्याजवळच्या दाट धुळीसाठी यानाच्या पुढे बारीक कणांचा ढग सोडण्याची योजना होती. दुसरा उपाय आकाराचा: यान लांबट, अरुंद ठेवावे म्हणजे समोरचे क्षेत्रफळच घटते. शिडाच्या यानाने वेग घेऊन झाल्यावर कडेने प्रवास करावा, म्हणजे पात्यासारखी धार पुढे राहील आणि त्या धारेवर बेरिलियम किंवा ग्रॅफाइटचा पातळ लेप पुरेल, असा तर्क आहे.

निरोप कसा पोहोचणार

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. व्हॉयेजर-१ पृथ्वीपासून जवळजवळ एक प्रकाशदिवस अंतरावर आहे. त्याचा प्रक्षेपक सुमारे २३ वॉटचा, तबकडी ३.७ मीटरची आणि ऐकणारे अँटेना ७० मीटरपर्यंतचे. तरी माहितीचा वेग सेकंदाला १६० बिटांइतकाच मिळतो. प्रॉक्सिमाचे अंतर सुमारे १,५४९ प्रकाशदिवस आहे आणि संदेशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने तोच प्रक्षेपक तिथे ठेवला तर संदेश २४ लाख पट क्षीण होईल.

रेडिओऐवजी लेसर वापरल्यास झोत फारच अरुंद राहतो. लघुग्रहाकडे निघालेल्या सायके यानावरील प्रयोगात एप्रिल २०२४ मध्ये सुमारे २२.६ कोटी किलोमीटरवरून लेसरने सेकंदाला २५ मेगाबिट वेगाने माहिती पाठवली गेली, तेव्हा तंत्र हाताशी आहे. पण ताऱ्यापासूनच्या अंतरावर लेसरही पसरतो. दहा सेंटीमीटर रुंदीच्या आरशातून एक मायक्रॉन तरंगलांबीचा झोत सोडला, तर आपल्यापर्यंत येताना त्याची रुंदी सुमारे ४० कोटी किलोमीटर होते. पृथ्वीची सूर्याभोवतीची संपूर्ण कक्षा त्यात मावेल. त्या लेसरची शक्ती एक वॉट धरली, तर पृथ्वीवरच्या एका चौरस मीटरवर सरासरी सात तासांत एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, पडतो. चिलीमध्ये उभारल्या जात असलेल्या ३९ मीटर व्यासाच्या महादुर्बिणीने तो गोळा केला, तरी दर २५ सेकंदांना एक. प्रत्येक फोटॉनमागे एक बिट, असा ढोबळ हिशेब धरला तर दहा लाख बिटांचे एक साधे छायाचित्र यायला साडेनऊ महिने लागतील, तेही दुर्बिणीने दिवसरात्र दुसरे काहीही पाहिले नाही तर.

फोटॉन कधी आला, त्या अचूक क्षणातच माहिती गुंफली तर एका फोटॉनमागे अनेक बिट मिळू शकतात, त्यामुळे हे चित्र थोडे सुधारते. पण दुसऱ्या बाजूने ते बिघडतेही. प्रॉक्सिमाचा स्वतःचा प्रकाश त्याच दिशेने येत असतो आणि त्यातून यानाचे मोजके फोटॉन वेगळे काढण्यासाठी अत्यंत अरुंद तरंगपट्टा निवडावा लागतो. यान २० टक्के प्रकाशवेगाने दूर जात असल्याने एक मायक्रॉनचा प्रकाश आपल्याला १.२२ मायक्रॉनचा होऊन मिळतो, म्हणून ग्राहक त्याप्रमाणे जुळवलेला हवा. यानालाही झोत नेमका आपल्याकडे रोखावा लागतो. तिथून सूर्य हा शर्मिष्ठा तारकासमूहातला एक तेजस्वी तारा म्हणून दिसेल आणि त्यावर सेकंदकोनाच्या (अंशाच्या ३,६०० व्या भागाच्या) पातळीवर नेम धरून राहणे हे काही ग्रॅमच्या चकतीचे काम आहे.

गाठ खरी इथेच पडते. तो एक वॉट आणायचा कुठून? प्लुटोनियम-२३८ दर ग्रॅमला सुमारे अर्धा वॉट उष्णता देते आणि तिचे वीजनिर्मितीतले रूपांतर ६-७ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे एक वॉट विजेसाठी तीसेक ग्रॅम प्लुटोनियम हवे, जे चार ग्रॅमच्या यानाला झेपणारे नाही. ऊर्जा साठवून क्षणिक, तीव्र स्पंदने सोडणे, ताऱ्याजवळ असताना त्याच्या प्रकाशावर वीज बनवणे, शिडाचाच आरसा म्हणून उपयोग करणे, एकामागून एक पाठवलेल्या यानांची साखळी करून निरोप पुढे पुढे देणे असे पर्याय सुचवले गेले आहेत. प्रत्येक पर्याय थोडे वस्तुमान मागतो आणि वाढलेला प्रत्येक ग्रॅम लेसरसंचाकडून वेग हिरावून घेतो. म्हणूनच मला वाटते की, २० टक्क्यांचा आकडा आधी ठरवून मग त्यात यान बसवण्यापेक्षा, किमान किती माहिती हवी हे ठरवून वेग खाली आणावा. ५ टक्के वेगाने ८५ वर्षांत पोहोचून बोलू शकणारे यान २१ वर्षांत पोहोचून मुके राहणाऱ्या यानापेक्षा बरे.

हळू जाण्याचा आणखी एक लाभ निरीक्षणाच्या वेळेत मिळतो. प्रॉक्सिमा बी हा २०१६ मध्ये सापडलेला ग्रह आपल्या ताऱ्याभोवती साधारण ७५ लाख किलोमीटरवरून फिरतो. २० टक्के वेगाचे यान या कक्षेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार मिनिटांत पार होईल. तेवढ्यात ग्रह शोधायचा, कॅमेरा वळवायचा, छायाचित्र घ्यायचे. शिवाय नेम आधीच धरलेला असला पाहिजे, कारण प्रॉक्सिमा आकाशात आडवा सरकतो सेकंदाला सुमारे २४ किलोमीटर वेगाने आणि २१ वर्षांत तो सुमारे १,६०० कोटी किलोमीटर पुढे गेलेला असेल. ब्रेक लावता आला तर हे सगळे बदलेल. चुंबकीय क्षेत्राचे मोठे वेटोळे उभारून अवकाशातील विद्युतभारित कणांशी होणाऱ्या घर्षणाने वेग कमी करण्याची कल्पना गणितात चालते. पण ते वेटोळेही वस्तुमानच.

दुरुस्तीला कोणी येणार नाही

नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयेजर-१ निरर्थक आकडे पाठवू लागले. कारण निघाले ते असे: माहिती जुळवणाऱ्या संगणकाच्या स्मृतीतली एक चिप निकामी झाली होती. अभियंत्यांनी तिच्यातला आज्ञासंच तुकडे करून स्मृतीच्या इतर मोकळ्या जागांत हलवला आणि एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा अर्थपूर्ण बोलू लागले. प्रत्येक आज्ञा जायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. या दुरुस्तीत दोन धडे आहेत. यान वाचले, कारण त्याच्या रचनेत बदल करायला वाव ठेवलेला होता. आणि ते वाचवले माणसांनी. प्रॉक्सिमापाशी असा बिघाड झाला, तर एका प्रश्नोत्तराला साडेआठ वर्षे लागतील, तेव्हा दुरुस्ती करणारी बुद्धी यानातच हवी. डेडलसच्या आराखड्यात यासाठी दुरुस्ती करणारे यंत्रमानव होते. ग्रॅमच्या यानात ते काम सॉफ्टवेअरलाच करावे लागेल आणि भाग निकामी होणे हीच नित्याची स्थिती मानून ते लिहावे लागेल.

वीजपुरवठ्याचे वय त्यामानाने सोपे गणित आहे. प्लुटोनियम-२३८ चे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा काळ, ८७.७ वर्षे असल्याने पन्नास वर्षांनी दोन तृतीयांश उष्णता शिल्लक राहते. त्याहून लांबच्या प्रवासाला ४३२ वर्षे अर्धायुष्याचे अमेरिसियम-२४१ सोयीचे पडते, फक्त ते दर ग्रॅमला बरीच कमी उष्णता देते.

यात एक विचित्र प्रश्नही दडलेला आहे: निघावे कधी? आज ५ टक्के वेगाचे यान सोडले, तर ते ८५ वर्षांनी पोहोचेल. तीस वर्षे थांबून तंत्र सुधारले आणि १० टक्के वेग मिळाला, तर ते यान आजपासून ७२ वर्षांतच पोहोचेल आणि पहिल्याला वाटेत मागे टाकेल. यावरून थांबणेच शहाणपणाचे असे काहींना वाटते. पण तीस वर्षे कोणी यान सोडलेच नाही, तर तंत्र सुधारणार कसे, हे त्या हिशेबात येत नाही.

म्हणून सध्या सर्वांत ठोस वाटतो तो मधला टप्पा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेने २०२१ मध्ये ‘इंटरस्टेलर प्रोब’ नावाचा अभ्यास सादर केला. त्यातले यान सुमारे ८६० किलोग्रॅमचे, मोठ्या रॉकेटवरून निघून गुरूच्या गुरुत्वाकर्षणाचा हातभार घेणारे आणि वर्षाला सुमारे ७ खगोलीय एकके (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), म्हणजे व्हॉयेजरच्या जवळजवळ दुप्पट वेगाने जाणारे आहे. या वेगाने प्रॉक्सिमाचे अंतर कापायला ३८ हजार वर्षे लागतील, म्हणून ताऱ्याकडे जाण्याचा दावा तो करत नाही. मात्र पहिल्या रेखाटनापासून पन्नास वर्षांच्या आयुष्यासाठी घटक निवडणे, तपासणे आणि कामाची माहिती एका पिढीकडून दुसरीकडे सोपवणे हे सगळे त्यात मांडलेले आहे. तसेच त्याच्या उपकरणांत धूळ मोजणारे उपकरणही आहे. ताऱ्यांमधल्या धुळीचे कण सूर्यमालेत वाहत येतात हे युलिसिस यानाने १९९० च्या दशकात ओळखले; परंतु त्यातले सर्वांत बारीक कण सौरवाऱ्याच्या चुंबकीय क्षेत्राने बाहेरच वळवले जातात. सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर त्यांचा आकार आणि संख्या थेट मोजली गेली, तर पुढच्या वेगवान यानाच्या धारेवर बेरिलियमचा लेप किती जाड द्यायचा, हे अंदाजाऐवजी मोजमापावरून ठरवता येईल.